रंजीताची पाठवणी आणि चौसष्टची अँबेसेडर

३ एप्रिल, सकाळी ७
ठरलं! २४ला रंजीताची पाठवणी माझ्याच अँबेसेडरमधून. मूल गावातून थेट तिच्या सासरी भद्रावतीला, स्टिअरिंगवर मी. पोरगी दुसरीत होती तेव्हाच शब्द दिला होता. गाडी चौसष्टची, ठणठणीत. फक्त लाइट, हॉर्न आणि सेल्फ बंद. म्हणजे दोष निव्वळ करंटचा, आणि करंट हा माझा विषय. राइस मिलची मोटर तीस वर्षं मीच चालू-बंद केली.

मागच्या सीटवर हिने धानाची चार पोती ठेवलीत. बोललो तर म्हणे, मंग कुठी ठेवू, तुमच्या डोस्क्यावर? उद्या हलवतो.

५ एप्रिल
पोती तिथंच. नवी बॅटरी आणली. मिलमधला माझा टेस्टर लावला, पेटला नाही. बॅटरी मेलेली दिली दुकानदाराने. भांडून बदलून आणली.

६ एप्रिल
दुसरीही मेलेली. काय जमाना आला.

ही म्हणते, गाडीत उंदरं शिरले हायेत, पहिले ते पाहा. बाईमाणसाला वायरिंग काय कळणार? हसून सोडून दिलं.

१० एप्रिल
बाजारात रोशन मेकॅनिक भेटला. त्याला दोन्ही बॅटऱ्यांची कथा सांगितली. म्हणाला, भाऊ, तो टेस्टर घरच्या बोर्डाचा हाये, बारा व्होल्टवर जन्मात नाई पेटत. काल मिशा फुटलेलं पोरगं! तरी खात्री म्हणून टेस्टर स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावला. लख्ख पेटला. म्हणजे टेस्टर चांगला आहे. मुद्दा माझाच सिद्ध झाला.

१३ एप्रिल, दुपार. भट्टी पेटलीय नुसती.
डायनॅमो खोलला. परत बसवला. तीन स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असावेत.

१७ एप्रिल
वायरिंगचा नकाशा मी स्वतः काढून डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवला होता. सापडत नाही. तसा पाठ आहे. पाठ आहे तशा वायरी जोडल्या. धूर निघाला. एवढ्या वर्षांत प्रथमच काहीतरी निघालं. प्रगती आहे.

रंजीता म्हणाली, राहू द्या ना बाबा, पियुषकडची गाडी येऊन राह्यली. जावयाच्या गाडीतून? शब्द म्हणजे शब्द.

२२ एप्रिल
शेवटी रोशनला बोलावलं. फक्त मदतीला. त्याने डॅशबोर्ड उघडला. आत घरटं. जुन्या वायरींवरचं सगळं कापड कुरतडलेलं, मऊ केलेलं, आणि कागदाचे कपटे. एका कपट्यावर माझ्या अक्षरात 'हॉर्न'. आत गुलाबी पिल्लं. रोशन म्हणाला, भाऊ, पुरी वायरिंग नवी टाका लागते, महिना तरी लागन. ही दारात उभी होती. रोशनला चहा दिला, मलाही दिला, आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल
पोती अंगणात उतरवली, गाडी धुऊन, हार घालून मंडपासमोर ढकलत आणली. फोटोपुरती. निघताना रंजीता आपणहून पुढे माझ्या शेजारी बसली. हात लांबवून हॉर्न दाबला. आवाज नाही. मग तिनेच तोंडाने केलं, पोंऽऽ पोंऽऽ. म्हणाली, लहानपणी हिचा हॉर्न तर मीच होती ना बाबा.

ती जन्मल्यापासून ही गाडी एकदाही चालली नाही. हे मला माहीत होतं. मी रडलो, सगळ्यांसमोर.

ती पियुषच्या गाडीतून गेली.

२६ एप्रिल
ही म्हणाली, अंगणातली पोती ठेवू का परत गाडीत? मी म्हणालो, ठेव. एक बाजू मीच धरली. चारही मागच्या सीटवर. पुढे जागा होती, पण तिथं ठेवू दिली नाही.