बागेतलं घर

५ मार्च १९३४, सोमवार
आळीच्या तोंडाशी बाग कमिटीची नोटीस लागली. शुक्रवार पेठेत मोकळी हवा नाही, म्हणून आमची सबंध आळी पाडून पब्लिक गार्डन करणार. घरटी नव्या वस्तीत प्लॉट, दारात नळ.
हलायचं नाही. हे Principle. मिलमध्ये हेडक्लार्क म्हणून जन्म काढला, साहेबांचे किती ड्राफ्ट दुरुस्त केले. कमिटी काय चीज आहे. उद्या माझ्या ओट्यावर मीटिंग.

६ मार्च
मीटिंग सक्सेसफुल. सगळे आले, चहा प्याले, मी सांगितलं त्याला माना डोलावल्या. संमतीच्या कागदावर कुणी सही करायची नाही असं ठरलं. शेजारचा टांगेवाला पीरसाब मध्येच विचारू लागला, की नळाला पाणी दोन्ही वेळचं असेल का. विषयाला सोडून होतं. रूल-आऊट केलं.

२४ मार्च
सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली पीरसाबची. अक्कम्मानंही केली. माझी बायको काशम्मा, तिची सख्खी धाकटी बहीण, समोरचंच दार. तिच्या नवऱ्याकडून, म्हणजे माझ्या साडूकडून, मला जास्त अपेक्षा होती.
जेवताना काशम्मा म्हणाली, आपणबी प्लॉट घ्यावा की. तिला Principle समजावून सांगितलं. तिनं ऐकलं आणि ताट उचललं. मला अजून भाकरी हवी होती.

११ मे
घरं पडताहेत. डाळीत धूळ, पांघरुणात धूळ. काशम्मा दिवसभर दार लावून बसते. मी ओट्यावर बसतो. कमिटीला दिसलं पाहिजे. येतील, हात जोडतील, डबल प्लॉट देतील. तेव्हा विचार करीन.

२ जून, दुपार
आले. ओव्हरसियर, पोरगेला, फार विनयी. मी भाषणाला उभा राहिलो तर म्हणाला, बसा. ओट्यावर नकाशा पसरला. बागेची वाट आमच्या घराला वळसा घालून नेली आहे. म्हणाला, "तुमचं घर आता नको आम्हाला."
विजय. एकट्यानं कमिटी वाकवली. पेढे आणले. वाटायला गेलो तर आळीत कुणी राहिलेलं नाही. आम्ही दोघांनीच खाल्ले. काशम्मानं अर्धाच खाल्ला.

१९ ऑगस्ट
चारी बाजूंनी लोखंडी रेलिंग आलं. एक फाटक. घर आत. सोलापुरात एवढं अंगण कुणाला आहे? काशम्माला हे बोललो. ती म्हणाली, बोलायला बाई न्हाय कुणी.

१४ ऑक्टोबर, रविवार
उद्घाटन. बँडस्टँड बरोबर माझ्या दारासमोर. अध्यक्षांचं भाषण घरात बसून ऐकू आलं. आभाराच्या यादीत माझं नाव नव्हतं, नजरचुकीनं. पब्लिक ओट्यावर बसली. एकानं काशम्माकडे चहा मागितला, वर साखर जास्त घाला म्हणाला.
रखवालदार म्हणून पीरसाबला नेमलंय. घोडा म्हातारा झाला, टांगा विकला. खाकी कोट त्याला लांब होतो. मला सलाम केला. मी स्वीकारला.

१७ ऑक्टोबर
फाटकावर नियमांची पाटी. फुलं तोडू नयेत. जनावरं आणू नयेत. पीरसाब खाली बघत म्हणाला, "अप्पा, तुमची म्हैस."
म्हटलं, ती आणलेली नाही, आधीपासून आहे. मुद्दा बिनतोड होता. पण वरून हुकूम आहे म्हणाला. म्हैस तात्पुरती नव्या वस्तीत अक्कम्माच्या परसात बांधली. कमिटीला सविस्तर अर्ज लिहीत आहे. आठवड्यात परत येईल.

२ नोव्हेंबर
काशम्मा सकाळ-संध्याकाळ धार काढायला नव्या वस्तीत जाते. संध्याकाळी परत येईपर्यंत फाटक बंद. पीरसाब उघडायचा, त्याला ओव्हरसियरनं दम दिला. किल्ली मिळू शकते, पण 'कमिटीच्या परवानगीने राहतो' असं लिहून सही हवी.
स्वतःच्या घरात परवानगीनं? साफ नकार दिला.

३ नोव्हेंबर, दिवेलागण
काशम्मा रेलिंगच्या बाहेर, हातात दुधाचा तांब्या. मी आत. पीरसाब लांब जाऊन उभा राहिला. तिला सांगितलं, थोडा धीर धर, कमिटी आता वाकायला आलीच आहे.
ती म्हणाली, "तुमी आत हाय. मी कुटं जाऊ?"
उत्तर तयार होतं, पण लांबलचक होतं. तिनं गजांतून तांब्या दिला. तो आडवा करावा लागला. दूध बरंचसं सांडलं. ती अक्कम्माकडे गेली. चार दिवसांत येईल.

२५ नोव्हेंबर, रविवार
आली नाही. म्हैस आटली, व्यायला आलीय, तिला सोडवत नाही. मीही तिकडे जाऊ शकतो, पण साडूच्या दारात राहणं Principle मध्ये बसत नाही.
स्वयंपाक सोपा आहे. पिठलं आज जवळजवळ जमलं. जेवताना खिडकीशी अक्कलकोटचं एक कुटुंब. आत काय ठेवलंय, असं त्यांनी पीरसाबला विचारलं. तो म्हणाला, "हितं अप्पा राहतात." ते आणखी थोडा वेळ थांबले. मी खिडकी लावली. मग अंधारात जेवलो. बँड वाजत होता.

९ डिसेंबर, रविवार
पहाटेपासून विचार. नमतं घेणं हीही एक स्ट्रॅटेजी असते. उद्या सही करतो. अक्षर बारीक काढीन, म्हणजे निषेध कळेल.

१० डिसेंबर
सही केली. निषेध कुणाच्या लक्षात आला नाही. किल्ली मिळाली. काशम्माला पीरसाबकडून निरोप धाडला, की सगळं मनासारखं झालं. ओटा सारवला. नीट जमला नाही. तिच्या लुगड्याची दांडी पुसली.

१६ डिसेंबर, रविवार
काशम्मा आली. अक्कम्मा बरोबर होती, ती कारंजं बघत फिरली. काशम्मा बाकावर बसली. मी शेजारी. बरीच उजळलीय. म्हैस व्याली, रेडी झाली. शेजारच्या बायका दूध नेतात. पाणी दोन्ही वेळचं असतं.
किल्ली दाखवली. तिनं हातात घेऊन बघितली, चांगली जड हाय म्हणाली, परत दिली. तब्येत विचारली. शेंगाची चटणी आणली होती, ती दिली. घरात चल म्हटलं, तर हितंच बरं वाटतंय म्हणाली.
शेवटी विचारलं, घरी कधी येतेस?
तिला प्रश्न कळला नसावा. माझ्याकडे बघून म्हणाली, "घरूनच आले की."
तेवढ्यात पीरसाबनं बाग बंद करायची घंटा दिली. शिट्टी वाजवत एकेकाला उठवत आला, बाकं रिकामी केली, पोरं हाकलली. काशम्माही उठली, पदर सारखा केला, अक्कम्माला हाक मारून गेली.
मी बसून होतो. मला कुणी उठवलं नाही.