काथ्याची दाढी

आये,

परवा दुपारी मी एक मोडकी छत्री उसवत बसले होते. काड्यांवरून काळं कापड सोडवायचं, मधोमध कापायचं, की दोन पंख तयार. पोरीला वटवाघूळ व्हायचंय. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी यंदा हॅलोविन करायचं ठरवलं. तुला कसं सांगू काय असतं ते. बाहेरच्या देशातला भुताखेतांचा सण. पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि लोक त्यांना चॉकलेटं देतात. आपल्या शिमग्यासारखंच म्हण, फक्त होळी पेटत नाही आणि कुणी बोंब मारत नाही. तयार पोशाख मिळतात, घरपोच येतात, पण ते एकदा घालून टाकून द्यायचे. तुझ्या जावयाचं म्हणणं, घरात एवढा पसारा पडलाय, त्यातूनच काय ते करा. तो थळच्या कारखान्यात पाळीवर असतो, तेव्हा करायचं मलाच.

मग मी केलं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कापून छोटी वटवाघळं केली आणि काजळानं रंगवली. जुनी मच्छरदाणी फाडून दारावर कोळ्याचं जाळं टांगलं. करवंट्यांना डोळे पाडून आत पणत्या ठेवल्या. बाबांचं विरलेलं धोतर एका फुग्यावर टाकून गॅलरीत भूत लटकवलं. लाल भोपळ्याला दात कोरले आणि गर घारग्यांसाठी बाजूला काढला. बाबा आता आमच्याकडेच असतात. ते खुर्चीत बसून सगळं बघत होते. "भोपला नासवलास काय गो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "न्हाय बाबा, संध्याकाळी घारगे करते."

छत्री उसवताना मात्र माझे हात आपोआप चालत होते, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की हे मी तुझ्याकडून शिकलेय. तू मला छत्रीचा कावळा करायचीस. पावसाळ्यात मोडलेली छत्री कुणी टाकली की तू ती आणून माळ्यावर ठेवायचीस, शिमग्यासाठी. आळीतल्या सगळ्या पोरांची सोंगं आपल्या ओटीवर व्हायची. कुणी अस्वल, कुणी साधू, कुणी पोलीस. नारळाची सोडणं ठेचून, भिजवून तू काथ्या काढायचीस, त्याच्या जटा आणि दाढ्या. बाबा मिठागरावरून फाटकी गोणपाटं आणायचे, त्यांचे अंगरखे. ते गोणपाट कितीही झटकलं तरी मीठ अंगाला लागायचं आणि मानेला खाज सुटायची. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, "सोंग म्हंजे खाज सोसायची. फुकटचा हसवतंस काय लोकांना?" तव्याची काजळी तू खोबरेल तेलात कालवायचीस आणि बोटानं आमच्या मिशा काढायचीस. मिशी काढताना तूच आधी तोंड वाकडं करायचीस. ते बघून आम्ही हसायचो, मिशी फराटायची, आणि तू पदरानं पुसून पुन्हा काढायचीस.

आणि मग ती गाठ निघाली. मी नऊ वर्षांची असेन. तू आणि बाबा पहाटेच रेवसला जायचात, तिथून लाँच पकडून मुंबईच्या इस्पितळात. परत यायचीस तेव्हा जेट्टीपासून घरापर्यंत सगळीकडे बसत बसत. मग तुझे केस गेले. आधी उशीवर दिसायचे, मग न्हाणीत, आणि एक दिवस तू डोक्याला फडकं बांधून चुलीपुढे बसलेली दिसलीस. तुझा एवढा मोठा अंबाडा होता, त्यात तू अबोलीचा वळेसर माळायचीस, हे सगळ्या गावाला ठाऊक. बायका भेटायला येत. ओटीवर बसून तुझ्याकडे बघत, चहा घेत, आणि उठताना डोळ्यांना पदर लावत. शेजारची काकी तर दारातच रडायला लागायची. ती गेली की तू भिंतीकडे तोंड करून निजायचीस. एकदा बाबांना म्हणालीस, आणि मी ते ऐकलं, "माज्याकडं बघून कोणच हसत न्हाय हल्ली. मी मेल्यावानी बघतात." त्यानंतर तू बाहेर पडणंच सोडलंस. विहिरीवर नाही, देवळात नाही, मागच्या परसातसुद्धा नाही.

त्या वर्षी शिमग्याला सोंगं होणार नाहीत असं आम्ही पोरं धरूनच चाललो होतो. कुणी विचारायलाही आलं नाही. तूच मला हाक मारलीस. "माल्यावरची छत्री काढ गो." आणि भिंतीला टेकून, मधे मधे डोळे मिटून, तू माझा कावळा शिवलास. चोच पुठ्ठ्याची. मी विचारलं, "आये, तू कधीच सोंग का नाही घेत?" तू म्हणालीस, "बाया घेत न्हाईत." पण म्हणताना बाबांकडे बघितलंस, आणि बाबांनी मान खाली घातली.

ऊन उतरल्यावर आम्ही पोरं आळीतून निघालो. पुढे पत्र्याचा डबा वाजवणारे, मागे मोठी सोंगं. दोन घरं झाली असतील, तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. कमरेत वाकलेला, अंगात गोणपाटाचा अंगरखा, पोटापर्यंत काथ्याची दाढी, डोक्याला गोणपाटाचंच मुंडासं, तोंड काजळीनं काळं. हातातली काठी आपटत तो प्रत्येक दारात जाऊन बसायचा आणि बायकांना म्हणायचा, "माजी म्हातारी पलाली गो, तुमच्यात लपली काय?" आवाज असा घोगरा की कुणाला पत्ता लागेना. खालच्या आळीतला कुणी तरी असेल म्हणत होते. म्हातारा लोकांच्या घरात डोकावायचा, पिंपात बघायचा, कोंबड्यांच्या खुराड्यात वाकून हाक मारायचा. आळीभर माणसं जमली. हसून हसून लोकांची पोटं दुखली. शेजारच्या काकीच्या दारात तर तो तिलाच न्याहाळत बसला आणि म्हणाला, "हीच ती, पन थोडी जाडी झालीय." काकी उंबऱ्यावर बसून हसत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पदर तोंडात कोंबत होती. तुझ्यासाठी रडताना ती रोज डोळ्यांना लावायची त्याच पदराची टोकं.

मला तोवर काही कळलं नव्हतं. मग म्हातारा माझ्यापुढे येऊन थांबला. माझ्या चोचीची सुतळी कानामागे रुतत होती. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि ती हळूच सैल केली, कानाला न दुखवता. तसे हात गावात एकाच माणसाचे होते. मी बघत राहिले. म्हाताऱ्यानं दाढीतून विचारलं, "वलखलंस काय?" मी मान हलवली. "मग गप ऱ्हा," तू म्हणालीस, आणि काठी आपटत पुढच्या दारात गेलीस.

शेवटच्या घरापर्यंत तू पोचली नाहीस. देवळाजवळच्या पारावर बसलीस ती उठेनास. लोकांना वाटलं, हेही सोंगातलंच. "म्हातारा दमला रे, म्हाताऱ्याला घरी न्या," असं ओरडायला लागले. बाबा सगळा वेळ गर्दीच्या मागे चालत होते, ते पुढे आले, तुझ्यापुढे वाकले आणि तुला पाठीवर घेतलं. मग तर सगळी आळी हसायला लागली. पोरं डबे वाजवत तुमच्या मागे. बाबाही हसत होते. तू पाठीवरून काठी हलवत होतीस. कावळ्याचे पंख धरून मी मागून चालत होते, आणि तेवढ्या गर्दीत काय चाललंय ते आपल्या तिघांनाच ठाऊक होतं.

घरी आल्यावर तुला उलट्या झाल्या. बाबांनी दाढी सोडवली, तर काथ्यानं तुझी हनुवटी सोलून निघाली होती. तुझं तोंड पुसता पुसता ते म्हणाले, "कशाला हट्ट केलास?" आंबे उतरायच्या आत तू गेलीस.

तेव्हापासून मी कधी सोंग घेतलं नाही. शिमग्याला दार लावून घ्यायचे. शाळेच्या गॅदरिंगला बाई म्हणायच्या, नाटकात घेते, तर मी आजारी पडायचे. कारण कुणाला सांगितलं नाही. तो म्हातारा कोण होता हे गावाला नंतर कधी कळलं की नाही, तेही मला माहीत नाही. बाबांनी तो विषय आजवर काढला नाही. मीही नाही.

काल पोरगी म्हणाली, "आई, सगळ्यांच्या मम्म्या पण ड्रेसअप करणारेत. तू काय होणार?" मी म्हटलं, मी नाही. ती रुसली. वटवाघळाचे पंख घालून कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत उभी राहिले. खरकटी भांडी संपली, मग स्वच्छ भांडीही घासली. भांडी घासायला मी अजून गावाहून काथ्याच आणते. हातात त्याचा झुबका होता. काय झालं कुणास ठाऊक, मी एक कोरडी जुडी घेतली, पिंजली, सुतळीला ओवली आणि कानांना बांधली. बाबांचा जुना कोट चढवला, टॉवेलचं मुंडासं बांधलं, तव्याची काजळी तेलात कालवून तोंडाला फासली आणि आरशापुढे गेले. आये, मी आता तुझ्यापेक्षा मोठी आहे. तू गेलीस त्या वयाला मागे टाकून मला बरीच वर्षं झाली. माझे गुडघे दुखतात, चष्मा लागलाय. तुला म्हातारपण मिळालं ते तेवढंच, एका संध्याकाळपुरतं, काथ्याचं आणि काजळीचं.

मी बाहेर आले तेव्हा बाबा खुर्चीत होते. पोरगी टाळ्या पिटून हसायला लागली. बाबा हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "हकडं ये." मी पुढ्यात बसले. त्यांनी दाढीखाली रुमालाची घडी सरकवली, हनुवटीला काथ्या लागू नये म्हणून. मग म्हणाले, "ती पाठीवर होती का न्हाय, कलतच न्हवतं गो. वजनच न्हवतं तिला. मी हात मागं नेऊन चाचपत होतो, हाय ना म्हनून."

मी हनुवटी वर धरून तशीच बसले. हलले तर ते थांबतील असं वाटलं.

"मी बिगी बिगी चालत होतो," बाबा म्हणाले, "कदी घरी नेतो असं झाल्तं. तर ती माज्या कानात म्हनते, अवो, हलू चला. हसू दे त्यांना. ऐकू दे मला." मग त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "म्हनून मी हलू चाललो. देवलाला एक फेराबी मारला. मलाबी हसावं लागत होतं. तुला वाटलं असंल, बाप कसा हसतोय."

तसं मला कधी वाटलं नव्हतं, आये. पण त्यांना ते इतकी वर्षं वाटत राहिलं असणार. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांच्या धोतराला माझ्या तोंडाची काजळी लागली. पोरगी हसायची थांबली होती. ती येऊन आम्हा दोघांच्या मधे उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आजोबा, कोणाची गोष्ट सांगताय?"

तेव्हा बाबांनी तिला सगळं सांगितलं. पळालेल्या म्हातारीचं, खुराड्याचं, काकीचं. माझ्याहून त्यांनाच जास्त आठवत होतं. पोरगी हसली, आणि मग रडली. संध्याकाळी आम्ही दोघी खाली गेलो. मी दारोदार काठी आपटली. "माझी म्हातारी पळाली हो," असं म्हणायचं मनात होतं, पण आवाज फुटला नाही, नुसती खोकत राहिले. तरी लोक हसले. वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी माझे फोटो काढले. हसणारी माणसं दाढीमागून कशी दिसतात ते मी पहिल्यांदा बघितलं. फार जवळची वाटतात. एवढं करून तुला काय मिळालं असेल ते थोडं कळलं, आणि ते कळून बरं वाटलं असं मात्र म्हणवत नाही. घरी येऊन न्हाणीत नळ सोडला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं तिथेच बसून राहिले.

हे पत्र मी सकाळपासून लिहितेय. घारगे अजून तळायचे आहेत. एक सांगून उठते. निजायच्या आधी पोरीनं विचारलं, "आजी दिसायची कशी?" मी लगेच म्हटलं, "तुझ्यासारखी. नाक तर अगदी तुझंच." तसं मी उगीच म्हटलं, आये. तुझा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्या बांधून तू मान खाली घातलेली. तुझे हात मला आठवतात, आवाज आठवतो, फडकं आठवतं. चेहरा आठवत नाही. फार वर्षांपासून आठवत नाही. बाबांना हे सांगायचा धीर मला झालेला नाही. पोरगी उठून आरशापुढे गेली आणि स्वतःचं नाक इकडून तिकडून बघायला लागली. मीही तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि बघत राहिले, काही आठवतं का ते.