चुलीमागची माती

४ ऑक्टोबर १९३८

आज तीन खडे! आत्याबाईंनी — सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते — पांढरी माती तव्यावर खरपूस भाजून पदरात बांधून आणली. सहावा महिना संपत आला आणि मला दुसरं काही नकोच. त्यांना केवढा आनंद! अख्ख्या किन्हीराजा गावाला सांगत सुटल्या आहेत, "आमच्या सुनेले मातीचे डोहाळे लागले." मला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणही इथंच सासरी. आईनं तरी इतके लाड केले असते का, कोण जाणे.

११ ऑक्टोबर

एक घागर आणली आणि दारातच बसले. धाप! आत्याबाईंनी घागर हिसकावली, पाणी पाजलं. वर एक खडा हातावर ठेवला.

१९ ऑक्टोबर

वाशीमच्या दवाखान्यातल्या गोमतीबाई नर्स शेजारच्या बाळंतिणीला पाहायला आल्या होत्या. आमच्याकडे चहा घेतला. मला पाहिलं, बशी खाली ठेवली आणि थेट माझी खालची पापणी ओढली! "पांढरीफटक. अंगात रक्तच नाही. बाळानं वाढायचं कशावर?" माती खाते म्हटल्यावर तर खवळल्याच. माती बंद, हिरवी भाजी रोज, आणि लोहाच्या औषधाची बाटली.

आत्याबाई रडकुंडीला आल्या. "डोहाळे नाही पुरवले त लेकराचे कान फुटतीन! मंग?"

"कान फुटले तर मी बरे करीन. रक्त कुठून आणू?"

आत्याबाईंना गप्प करणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं!

२ नोव्हेंबर

औषध म्हणजे गंजलेला विळा चाटावा तसं. आत्याबाई सकाळ-संध्याकाळ समोर उभ्या — "आ कर!" घोट गिळल्याशिवाय हलत नाहीत. गोमतीबाईंवर अजून रुसलेल्या आहेत, पण चवळाईची भाजी एक दिवस चुकलेली नाही.

काल चुलीमागच्या भिंतीचा पोपडा तोंडात टाकला. लाज वाटली. थुंकून टाकला. (अर्धा.)

२३ डिसेंबर

मुलगी! काल दुपारी. गोमतीबाईंनी झोळीत घालून काट्याला टांगली — पावणेपाच पौंड. ह्यांच्या दोन तळव्यांत मावली. मी विचारलं, एवढीशी का? म्हणाल्या, "तुझं रक्त कमी पडलं, म्हणून. मी दोन महिने आधी आले असते तर आणखी भरली असती. पण रडते खणखणीत. छातीशी धर, ऊब दे. वाढेल."

आत्याबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माह्ये सहाही असेच होते, मुठीयेवढे. पाच गेले. यक तुहा नवराच राह्यला." बाळाचं दुपटं सारखं करत, "तवा कोनं पापनी पाह्यली नाही माय."

मी रडले. त्या नाही रडल्या. माझ्यासाठी अळीव शिजवायला उठल्या.

२० जानेवारी १९३९

सहा पौंड! गोमतीबाईंनी काट्याजवळच टाळी वाजवली. नाव विजयमाला ठेवलं. मांडीला वळी पडली — एकच, पण पडली! कान कोरडे ठणठणीत. आत्याबाई रोज तपासतात.

८ फेब्रुवारी

सुखात आहे मी. घागर एका दमात आणते. पोर भुकेली आणि मीही.

आत्याबाई मात्र अर्ध्या भाकरीवर उठतात. भाजी माझ्याच ताटात लोटतात — "मले जात नाही. तू खाय, लेकरू पिऊन राह्यलं." उठताना भिंतीला धरतात. चुलीमागची भिंत वीतभर कोरलेली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, घूस आहे.

१ मार्च

घूस सापडली. चुलीमागं आत्याबाई, ओठांवर माती. मला पाहून पदर पोटावर ओढून घेतला. "चवथा महिना हाय. कोनाले सांगू नको, माय. नात मांडीवर असताना — लोक काय म्हनतीन?" मामंजींनाही सांगितलेलं नाही!

मी त्यांची खालची पापणी ओढली. पांढरीफटक. फडताळातून बाटली काढली, त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आत्याबाई, आ करा."