मार्तंड सरांची हजेरी

मुलुंड, बुधवार (बहुतेक)

ती. चंद्रप्रकाशदादा,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, खरं तर सकाळी उठले की आधी हिंगाची डबी हुंगते, वास आला तरच चहा ठेवते). तुला त्या कोविड सेंटरमध्ये नेल्यापासून तुझा फोन बंद, तिथला फोन कोणी उचलत नाही, आणि प्रेमावहिनी "असतील बरे" म्हणते ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला ताप भरावा. विक्रोळीची तुमची बिल्डिंग सील, म्हणून कपड्यांची पिशवी मीच सेंटरच्या गेटवर देणार आहे. कपडे आमच्या ह्यांचे आहेत, ढगळ होतील. तुझा फोन चार्जिंगवाचून बंद असेल असं मी धरून चालते. दुसरं कारण मी धरत नाही.

तुला हसायला म्हणून सांगते. कॉलेजने मला प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवण्याच्या कामाला जुंपलंय. पात्रता काय, तर गॅदरिंगला बंद पडलेला माइक मी एकदा थोबाडीत मारून चालू केला होता. वसुधा मॅडम स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या सोफ्यावर, मास्क लावून शिकवायला बसल्या. का, तर समोर एवढी पोरं, कुणाचं काय सांगता येतं! दशरथ सरांनी तासभर कॅमेरा छताकडे धरला. (पोरं म्हणाली, सर, पंखा छान समजला.)

पण आमचे मार्तंड सर वेगळे. अर्थशास्त्र शिकवतात, घाटकोपरला एकटे राहतात, आणि जन्मभर नाव घेऊन हजेरी घेत आलेत. नंबर म्हणणं म्हणजे त्यांच्या मते कैदी मोजणं. त्यांच्या तासाला कुणाचा कुकर शिट्ट्या मारतोय, कुणाची आजी भाजीवाल्याशी भांडतेय, म्हणून मी त्यांना सगळ्यांचे माइक एकदम बंद करायचं बटण दाखवलं. वर पोरांना ते आपणहून उघडता येऊ नयेत अशी सोयही करून ठेवली (हुशारी माझीच). सरांनी दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच बटण दाबलं आणि मग हजेरी काढली. अक्षता? शांतता. देवेश? शांतता. नेट पुरत नाही म्हणून पोरांचे कॅमेरे आधीच बंद. समोर नुसत्या काळ्या चौकटी आणि त्यांत नावं. पोरं बिचारी खाली चॅटमध्ये "हजर सर, हजर सर" लिहीत होती, पण चॅट म्हणजे काय ते मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते.

सरांचा फोन आला. "रेवती, पोरं बोलत नाहीत गं. एकही नाही. काल होती सगळी."

दादा, मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. घाईघाईने त्यांच्या ऑनलाइन तासात शिरून माइक उघडले, तर कुकर, कुत्रा, आजी आणि साऱ्या वर्गाचा "हजर सर!" असा गोंगाट. मग सरांनी पहिल्या नावापासून पुन्हा हजेरी घेतली. आता त्यांचा अर्धा तास हजेरीतच जातो, आणि प्राचार्य मला विचारतात, अभ्यासक्रमाचं काय? मी म्हणते, नेट स्लो आहे.

तेव्हापासून तुझा नंबर लावला आणि "बंद आहे" ऐकलं, की मला मार्तंड सरांचा तो आवाज ऐकू येतो. बाकी काही नाही. काळजी घे, गरम पाणी पी, डॉक्टरांना सल्ले देऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण,
रेवती

ता.क. टॉवेलात चार्जर गुंडाळलाय. (घाईत तू दाढीच्या मशीनचा नेलास म्हणे. वाढव आता दाढी.) लगेच फोन कर असं काही नाही, सवडीने कर.

आणखी एक ता.क. वरची सवड खोटी आहे. चार्जर लावलास की आधी मला फोन कर. बोलवत नसेल तर नुसतं "हजर" लिही. पण तेवढं शेजारच्या खाटेवरचाही तुझ्या फोनवरून लिहील. तेव्हा पुढे आपलं नेहमीचं "गप रव गो शाणे" लिही. जन्मात पहिल्यांदा मी लगेच गप्प बसेन.