तळघरातले अकरा अंश

९ सप्टेंबर

"बिअरच्या कॉलेजात तीन सत्रं शिकून पळालेला पोरगा. बिअरही अर्धवटच करणार."

भर पबमध्ये, सगळ्यांच्या देखत. स्कोपालकाका — गावच्या बिअर कारखान्याचे मुख्य उस्ताद आणि माझ्या दुर्दैवाने वेंदुलाचे वडील. ती शेजारीच बसली होती. हसली नाही. पण माझ्याकडे बघितलंही नाही.

मी म्हणालो, घरी करतो मी बिअर. प्यायल्याशिवाय बोलू नका.

"पातेल्यातली? तसली गढूळ, उबेत फसफसलेली कुणीही करतं. लागेर कर. थंडीत मुरलेली, काचेसारखी नितळ. पाच डिसेंबरला माझ्यापुढे ठेव. जमली तर कारखान्यात घेतो तुला."

आणि वेंदुला? तिचं काय? हे विचारायची हिंमत झाली नाही. घरी येऊन उशीला विचारलं.

१० सप्टेंबर

वीस लिटरचं पातेलं बंद. शंभर लिटर करणार. एक ग्लास चांगला निघाला तर म्हणतील नशीब. अख्ख्या पबला पाजीन!

जागा — इमारतीच्या तळघरातला आमचा जाळीचा कप्पा. दोन मीटर बाय सव्वा. आत स्की, बर्फावरची घसरगाडी, बटाटे, आईच्या लोणच्याच्या काकड्या. टेपने तीनदा मोजलं. पंचवीस लिटरची चार पिंपं जमिनीवर मावत नाहीत, म्हणून दोनावर दोन, लोखंडी मांडणीवर. उकळायचं शेजारच्या सामाईक धुलाईखोलीत. तिथे नळ आहे, मोरी आहे. घरोघरी मशीन आल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही.

आई: "बरण्यांना हात लावलास ना प्रेमेक, तर तुलाच व्हिनेगरात घालीन."

बरण्या माझ्या पलंगाखाली गेल्या.

१९ सप्टेंबर

आठ दिवस रोज तीनदा कप्प्याचं तापमान घेतलं. बारा, अकरा, अकरा, अकरा. लागेरच्या यीस्टला आणखी काय हवं? पुढे झरोका उघडा ठेवला की अजून उतरेल. कॉलेजात नसलं म्हणून डोकं गहाण पडत नाही.

२८ सप्टेंबर

सुट्टी. अख्खी इमारत आपापल्या खेड्यातल्या झोपडीवर, मश्रूम वेचायला. धुलाईखोली माझी एकट्याची. सकाळी सहापासून मोड आणलेल्या जवाचा माल्ट, मग कडवटपणाला हॉप्सची फुलं, हात पोळले, शर्ट चिकट. चारही पिंपं भरली.

इमारतीत फक्त स्कोपालआजी होत्या. काकांची आई. आमच्या कप्प्याच्या बरोबर डोक्यावर राहतात. काठी टेकत जिना उतरून आल्या.

"वास बरा आहे. पुरं करशील ना पण?"

बघालच, म्हणालो. जरा उर्मटपणेच.

४ ऑक्टोबर

एकवीस अंश.

सकाळी इमारतीचं हीटिंग सुरू झालं. आमच्या कप्प्याच्या भिंतीवरून जाडजूड पाइप जातो. जन्मापासून बघतोय. दर ऑक्टोबरला मांजरं त्याच्याखाली येऊन झोपतात! आणि मी शहाणा सप्टेंबरात तापमान मोजत बसलो.

हा फाटा वर एकाच खोलीत जातो — आजींच्या बैठकीच्या खोलीत. खाली एक व्हॉल्व्ह आहे.

फिरवून बंद केला. त्यांना दुसरी खोली आहे.

६ ऑक्टोबर

पुन्हा बारा. फेस दाट, पांढरा. कुणी विचारायला आलं नाही.

१८ ऑक्टोबर

पहिल्यांदा चाखली. कोवळी आहे, पण स्वच्छ, कडवट. माझ्या हातून आजवर झालेली सगळ्यात चांगली गोष्ट.

जिन्यात वेंदुला भेटली. आजीसाठी प्लमचे पाव घेऊन आली होती. "आजी घरात कोट घालून बसते. हीटर गार पडलाय. मेकॅनिकला बोलवू देत नाही. म्हणते, मला गारवा आवडतो. जिला जुलैत मोजे लागतात तिला!"

मी बुटांच्या नाड्या बांधत राहिलो. सुटल्या नव्हत्या.

१९ ऑक्टोबर

बाहेर तीन अंश. सात आठवडे राहिलेत. सातच.

२० ऑक्टोबर

व्हॉल्व्ह उघडला. पाइपला कान लावून पाणी वर चढताना ऐकलं. मग वेंदुलाला फोन करून सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्या बाईला गारठवलंस, एका ग्लासासाठी?" फोन बंद.

शंभर लिटरसाठी, असं म्हणणार होतो.

काकांना हसायचं तर हसू देत. कॉलेज मी सोडलं. ही बिअर मी सोडलेली नाही, तिच्यापासून थंडी काढून घेतली. फरक आहे. कुणाला नाही पटला तर नाही.

२२ ऑक्टोबर

वेंदुला आली. सरळ तळघरात. आधी पिंपाला नाक लावलं, मग बोलली. "आजीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाइपातली गुडगुड थांबली म्हणून खाली येऊन बघून गेली. म्हणते, पोरगं पहिल्यांदाच काहीतरी तडीस नेतंय, कोटात काय मरत नाही मी."

मी म्हणालो, आता काय उपयोग? दोन दिवस उबेत गेली.

"आंबणं संपत आलं की बाबा मुद्दाम देतात दोन दिवस ऊब. चव साफ होते. चौथ्या सत्रात शिकवतात म्हणे."

आजींची बाल्कनी उत्तरेला आहे, काचबंद. तिथे सहा अंश. पिंपं आता तिकडे. पहिल्या पिंपाची दुसरी बाजू तिनं धरली.