अर्ध्यावर सोडलेलं वाक्य

पोलादपूर,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. शर्मिला,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, एवढी खुशाली आधी घे. भात झोडून झालं, वाल पेरले. माझे गुडघे धरलेत. तुझी वहिनी बरी आहे. तू आणि पोरं सुखरूप असाल असं धरून लिहितो.

खालच्या आळीतला रामा तुला आठवत असेल. त्याची बायको चंद्राबाई वर्षभर दर रविवारी महाडला प्रार्थनेला जाते. दिवाळी झाली आणि गावकी बसली. रामाचं घर वाळीत टाकायचं बोलणं सुरू झालं. मी कोपऱ्यात बसलो होतो. गावकीचे म्होरके हैबतीदादा माझ्याकडे वळून म्हणाले, "नाना, ते पुस्तक तुमच्या घरात हाय ना? आईबापाचा द्वेष करा आसं त्यात लिवलंय, तुमीच सांगितलं व्हतंत. रविवारी घेऊन या. सगळ्यांम्होरं वाचा."

तू आईला दिलेलं बायबल मी फेकलं नव्हतं. माळ्यावर टाकलं होतं. तू बाप्तिस्मा घेतल्याचं सांगायला आलीस त्या दिवसापासून ते तिथेच होतं. तेव्हा मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली ती ओळ आणि तिचा आकडा माझ्यापाशी तयारच होता. तुझ्यासमोर पान शोधलं आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, आईबापाचा द्वेष केल्याशिवाय या येशूचा शिष्य होता येत नाही. आईला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "म्होरं काय लिवलंय ते बी वाच की रे." मी म्हटलं, म्होरं वाचायला काय राहिलंय? आणि तुझी पिशवी उचलून अंगणात ठेवली. तू एस.टी.च्या थांब्याकडे चालत गेलीस, ती वळून न बघता.

गावकीसमोर वाचायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसून ते पान काढलं. तेव्हा दिसलं, की मी वाक्यसुद्धा पुरं केलं नव्हतं. आईबाप, बायको, पोरं, भावंडं, आणि सगळ्यात शेवटी माणसाचा स्वतःचा जीव. त्याचाही द्वेष करायला सांगितलंय. आता स्वतःच्या जिवाशी कोण वैर धरतो? तिथे अडलो. मग मागची पानं काढली, पुढची काढली. येशूच्या मागं माणसांची झुंबड लागली आहे आणि तो वळून त्यांना बजावतोय. पुढं बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे. पुरा होईल का, ते आधी बसून बघ, मग पाया घाल, अशी. म्हणजे माझ्या मागं येणं सोपं नाही, ते जिवापेक्षाही वर ठेवावं लागेल, असं तो सांगत होता. मला तरी तसं कळलं.

तीन दिवस वाचत राहिलो. एका ठिकाणी तोच येशू तिथल्या शास्त्र्यांवर चिडलाय. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणता आणि त्यांच्यासाठी काही करत नाही, म्हणून. आणि क्रुसावर जीव जाताना त्यानं आईला आपल्या शिष्याच्या हवाली केलं. शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. सगळं समजलं असं म्हणणार नाही. 'द्वेष' हा शब्द अजून खुपतो. माझा धर्म मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण ज्या वाक्यावर मी तुला घराबाहेर काढलं, ते मी वाचलंच नव्हतं.

रविवारी हे सगळं गावकीत सांगितलं. दोघंतिघं हसले. हैबतीदादा म्हणाले, "तवा बहिणीला काढलीत ती मग कशापायी? आता म्हातारपणी तुमचं डोकं फिरलंय." रामाचं घर वाळीत पडलंच. त्याच्या खळ्यावर कुणी फिरकेना. मी गेलो, दोन दिवस त्याच्याबरोबर भात झोडलं. चंद्राबाईनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात न देता खाली ठेवला. गावकीनं आधार धरला तो माझ्याच जुन्या शब्दाचा, हे तिला ठाऊक होतं. गेल्या बुधवारी दोघांनी दाराला कुलूप घातलं आणि महाडला भाड्याच्या खोलीत गेली.

इथपर्यंत लिहून दोनदा उठलो. खरं सांगायचं ते अजून राहिलंय.

दोन वर्षांपूर्वी आई गेल्याचं तुला दासगावच्या मावशीकडून कळलं. तू फोन केलास, रडत होतीस. मी म्हणालो, "तुला कळवू नका असं आईनंच सांगितलं होतं." ते खोटं होतं, शर्मिला. ती अकरा दिवस दवाखान्यात होती. रोज सकाळी विचारायची, "शर्मीला सांगितलंस?" मी म्हणायचो, सांगितलंय, येते म्हणाली. तुझा नंबर माझ्या खिशात होता. मी एकदाही फिरवला नाही. तू आलीस, आईनं तुला जवळ घेतलं, तर आठ गावांत मी खोटा ठरेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दहाव्या दिवशी तिच्या विचारण्यानं कावलो आणि सांगून टाकलं, "ती नाय येत म्हणाली."

आई चिडली नाही. "कामाला आसंल रे ती. रजा नसंल मिळाली," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

क्षमा माग असं तुझ्या पुस्तकात खूप ठिकाणी आहे. मला ती इतक्या लवकर मागवत नाही. आई तुझ्यावर रागावून गेली नाही, हे मात्र तुला कळायलाच हवं होतं. तो तुझा हक्क मी दोन वर्षं दाबून ठेवला.

आई आणि तू, दोघींच्या मधे उभा राहिलेला,
धोंडू