उष्टी हवा, हिरवा दिवा

४ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. डोक्यात विचार फार आणि घरात ऐकून घेणारं कुणी नाही. नियम : रोज लिहायचं, खरं लिहायचं, रिब्रीदर, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, सोडून दुसऱ्या विषयावर लिहायचं नाही.

काल आमच्या मत्स्य-संशोधन केंद्राच्या चीफनी केबिनमध्ये बोलावलं होतं. तलावात जे झालं त्याबद्दल. जे झालं ते यंत्रामुळे झालं. मी खोल कड्यापाशी मासे मोजत होतो, अचानक श्वास पुरेना, मी वर आलो. थोडा घाईने आलो. मोजणीची पाटी, टॉर्च आणि डाव्या पायाचं फिन खालीच राहिलं. वर्कशॉपवाल्या बाईंनी यंत्र उघडून बघितलं आणि त्यात काहीही दोष नाही असं सांगितलं. बाईंचं काय जातंय सांगायला! श्वास त्यांचा नव्हता.

चीफ म्हणाले, महिनाअखेरीस स्विमिंग पूलमध्ये चाचणी. तेच यंत्र लावून तळाशी बसून दाखवायचं. जमलं तर केंद्राचा डायव्हर म्हणून राहीन, नाहीतर किनाऱ्यावरचं काम. किनाऱ्यावरचं काम म्हणजे दोऱ्या गुंडाळायच्या आणि दुसऱ्यांचे ओले सूट वाळत घालायचे. मी म्हणालो, खोट डिझाइनमध्येच आहे. चीफ म्हणाले, मग काय सुधारणा हव्यात ते कळवा, कंपनीवाले विचारतच असतात.

घरी सांगितलं की केंद्राने डिझाइनची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे.

५ मार्च
जेवताना सासूबाईंनी विचारलं की हे यंत्र म्हणजे नेमकं काय. समजावून सांगितलं. साध्या टाकीने उतरलं की सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे होतात. बुडबुड्यांना मासे घाबरतात, पळतात, मग मोजायचं काय, डोंबल? रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास बाहेर जातच नाही. नळीतून चुन्याच्या खड्यांच्या डब्यात जातो, खडे त्यातली घाण शोषून घेतात, यंत्र थोडा ताजा ऑक्सिजन मिसळतं आणि तीच हवा परत तोंडात येते.

सासूबाई म्हणाल्या, म्हणजे उष्टी हवा.

मी म्हणालो, तसं नाही. पण तसंच आहे. पाणी प्यायलो.

बायकोने माझ्याकडे निरखून बघितलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येणारी माणसं तिला पहिल्या ओळीतच कळतात, असं ती म्हणते. मागे मी तिला कौतुकाने सांगितलं होतं की या यंत्राचा एकही बुडबुडा वर येत नाही. तेव्हा तिने विचारलं होतं की मग वरच्या माणसाला कळतं कसं, खालचा जिवंत आहे ते. तांत्रिक ज्ञान नसलं की असे प्रश्न सुचतात.

८ मार्च
दोन दिवस लिहिलं नाही. कारण : चिंतन.

सुधारणा पहिली. हिरवा दिवा रद्द करावा. मास्कच्या कोपऱ्यात एक दिवा लुकलुकतो. हिरवा म्हणजे सगळं ठीक. तलावात तो सबंध वेळ हिरवाच होता. मी गुदमरतोय आणि हा आपला हिरवा! असल्या दिव्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याऐवजी यंत्राने माणसाच्या आवाजात सांगावं की सगळं ठीक आहे.

संध्याकाळी नमुना आवाज रेकॉर्ड करायला घेतला. बायकोला म्हटलं, फक्त ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हण. ती म्हणाली. गेल्या वीस वर्षांत तिने हे वाक्य जेव्हा जेव्हा या सुरात म्हटलं, तेव्हा तेव्हा काहीही ठीक नव्हतं. पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी जास्तच ठीक नव्हतं.

सासूबाईंचा आवाज घेतला. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे म्हणे. ‘म्हणे’ काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी स्वतः बघितल्याशिवाय नुसतं कसं सांगू.

शेवटी स्वतःचाच आवाज घेतला. जरा कापरा आला आहे. पंखा चालू होता.

११ मार्च
सुधारणा दुसरी. यंत्रात ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर असतात. दोघांचं एक म्हणणं आणि तिसऱ्याचं वेगळं असलं तर यंत्र तिसऱ्याला खोटा धरतं आणि पुढे जातं. पण तिसरा खरा असेल तर? त्याचं कुणी ऐकायचं? आमच्या घरात हेच चालतं. बायको आणि सासूबाई एका बाजूला, मी एकीकडे. तिसऱ्या सेन्सरबद्दल मला अत्यंत आपुलकी वाटते.

चीफना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तिसऱ्याचं ऐकायचं झालं तर रोज उतरणं रद्द करून घरीच बसावं लागेल. यात मला मुद्दा दिसला नाही.

१३ मार्च
आज माझ्या जागी मेव्हणा तलावात उतरला. बायकोचा धाकटा भाऊ. याला डायव्हिंग मी शिकवलं. पहिल्या दिवशी पूलच्या कठड्याला पालीसारखा चिकटला होता, बोटं सोडवावी लागली होती. आज मोजणी पूर्ण करून आला. वर माझी पाटी, टॉर्च आणि फिनही घेऊन आला. फिन घरी आणून दिलं, धुऊन, पुसून. म्हणाला, दाजी, तळाशी अगदी नीट ठेवल्यासारखं पडलं होतं.

आभार मानले. जळफळाट अजिबात झाला नाही. जेवलो नाही, ते भूक नव्हती म्हणून.

१५ मार्च, दुपारी
अभ्यासासाठी यंत्र घरी आणलं. सोफ्यावर बसून चाचणी घेतली. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटं नाक बंद करून यंत्रातूनच श्वास घ्यायचा असतो. चुना नीट काम करतो की नाही ते कळतं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पाठीवर यंत्र, समोर टीव्ही.

सासूबाई आल्या आणि त्यांनी मला विचारलं की चहा टाकू का. नळी तोंडात, कसं सांगणार? त्यांनी पुन्हा विचारलं. मी हाताने डायव्हरची ‘ठीक’ची खूण केली. त्या आत गेल्या आणि बायकोला म्हणाल्या की जावई आता खुणांवर आले, तोंडही उघडत नाहीत. बायको बाहेर आली. तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. मग एकदम छातीत धडधड सुरू झाली, घाम फुटला, नळी तोंडातून फेकली, चिमटा टीव्हीखाली गेला.

कारण : कॉफी. सकाळी दोन कप झाली होती.

बायको म्हणाली, ही तर बैठकीची खोली आहे. मी म्हणालो, मला माहीत आहे. ती म्हणाली, इथे पाणी नाही. तेही मला माहीत आहे.

सुधारणा तिसरी : नळी तोंडात असताना बोलता आलं पाहिजे.

१६ मार्च
तिसरी सुधारणा घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. बाईंनी कपाट उघडून सबंध चेहरा झाकणारा एक मास्क काढला. आत मायक्रोफोन, कानाशी स्पीकर, वरच्या माणसाशी बोलायला पाण्याखालचा फोन. केव्हापासून पडला आहे विचारलं. म्हणाल्या, केव्हाचाच. आपल्याकडे कुणी मागितला नाही.

म्हणजे कल्पना बरोबर होती. फक्त कंपनीला आधी सुचली.

संकल्प : उद्यापासून पहाटे पोहायला जायचं.

१७ मार्च
गेलो नाही. टॉवेल ओला होता.

१९ मार्च
कामाला वेग आला आहे. सुधारणा चौथी : एक यंत्र बंद पडलं तर पाठीवर दुसरं असावं. पाचवी : दुसरं बंद पडलं तर तिसरं. सहावी : एवढं वजन पेलायला पायाखाली स्टँड. सातवी : डायव्हरच्या कमरेला दोर, तो वर कुणीतरी धरलेला असावा. आठवी : दोर धरणारा विश्वासू असावा, त्याने मध्येच फोन घेऊ नये.

२० मार्च
नववी : दोराबरोबर वरून ताज्या हवेची एक नळीही सोडावी. मग चुना नको, सेन्सर नकोत, उष्टं काही नकोच. क्रांतिकारक कल्पना! चीफना सांगितली. ते म्हणाले, याला पंप म्हणतात, आपल्या आजोबांच्या वेळी होता.

जुनं ते सोनं.

२२ मार्च
सगळ्या सुधारणा एकत्र करून चित्र काढलं. वहीत मावेना म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढलं. सुंदर झालं. बायकोला दाखवलं. ती चष्मा वर सरकवून बघत राहिली. मग तिने विचारलं की हा माणूस उभा का आहे. मी म्हणालो, स्टँडवर आहे. तिने विचारलं, पाणी कुठपर्यंत आहे. मी रेघ दाखवली. छातीपर्यंत.

ती म्हणाली, आणि डोकं बाहेर.

मी म्हणालो, हवा बाहेर असते.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने चित्राची घडी केली आणि म्हणाली की किनाऱ्यावरचं काम घेतलं तरी घरात कुणाला कमीपणा वाटणार नाही. मला फार राग आला. म्हणजे हिला वाटतं की मी घाबरतो. वीस वर्षं पाण्यात काढली. मासे मला ओळखतात.

दुपारभर कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२५ मार्च
झोप नाही. कारण : उशी.
डोळे मिटले की फक्त श्वासाचा आवाज. आत. बाहेर. आत. पुन्हा तोच, माझाच, मीच टाकलेला. भीती वाटली. यंत्राच्या वतीने.

२६ मार्च
मेव्हणा आला. म्हणाला, दाजी, चाचणीला मीही पाण्यात उतरतो, शेजारी बसतो. त्याला सुनावलं की ज्याने डायव्हिंग शिकवलं त्याला हात धरून नेतात का. तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला की त्याला पूलच्या कठड्यापासून सोडवलं तेव्हा मी त्याच्या कानाशी सतत काहीतरी बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही, पण आवाज चालू होता म्हणून त्याने बोटं सोडली.

मला काहीच आठवत नाही. बहुधा रागावत असेन.

२८ मार्च, दुपारी
चाचणी.

सकाळी मन एकदम शांत होतं. दाढी करताना दोनदा कापलं, पण शांत होतं. बायकोने दुकानातून सुट्टी काढली होती. पूलच्या काठावर चीफ, वर्कशॉपवाल्या बाई, ती. मेव्हणा पाण्यात होता, बोलावलं नसताना.

पाच मिनिटं यंत्रातून श्वास घेतला. उत्तम. दिवा हिरवा. पायऱ्या उतरलो. गुडघे. कंबर. छाती. तिथे लक्षात आलं की मास्कचा पट्टा सैल आहे. वर येऊन घट्ट केला. पुन्हा उतरलो. छातीशी आल्यावर पट्टा फार घट्ट वाटला. मग पाण्यात क्लोरीन जास्त वाटलं. मग फिन डावं-उजवं झाल्याची शंका आली. मेव्हण्याने पाण्यातून हात पुढे केला. दिवा हिरवा. मी तिथेच उभा. आपल्या चित्रातल्या माणसासारखा, फक्त स्टँड नव्हतं.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ते घड्याळ कधीचं बंद आहे.

शेवटी मी खूण केली. अंगठा वर. डायव्हरच्या भाषेत याचा अर्थ ‘छान’ नसतो. ‘मला वर जायचंय’ असा असतो. मी वरच होतो.

२९ मार्च
चाचणीचं निदान : पट्टा.

२ एप्रिल
किनाऱ्यावरचं काम मिळालं. तात्पुरतं आहे, असं मी म्हणालो. चीफ हो म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

ओले सूट वाळत घातले. काम कौशल्याचं आहे. उलटे करून घालावे लागतात.

७ एप्रिल
मेव्हण्याने स्वतःहून कपाटातला फोनवाला मास्क मागितला. चीफना म्हणाला की वर फोनवर दाजी हवेत. म्हणजे यंत्राला माणसाचा आवाज! सुधारणा पहिली मंजूर! घरी सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, छान झालं म्हणे. बायकोने खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

९ एप्रिल, तलावावर
मेव्हणा खाली. मी होडीत, हातात फोन, मांडीवर छत्री. उतरताना त्याचे डोळे मास्कमधून जरा मोठे दिसले, म्हणून फोनवर बोलायला लागलो. सगळं ठीक आहे. सावकाश. मी आहे इथे. वाक्यं आपोआप येत होती. तो खाली गेला. मी बोलत राहिलो. दर मिनिटाला विचारत राहिलो, ठीक? ठीक? ठीक?

थोड्या वेळाने खालून निरोप आला की दाजींनी आता कृपया गप्प बसावं, प्रत्येक ‘ठीक’ला मोजलेले मासे विसरायला होतात, तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली आहे.

गप्प बसलो. फोनही गप्प. पाणी सपाट. एकही बुडबुडा नाही. येणारच नाही, हेच या यंत्राचं वैशिष्ट्य, मीच सगळ्यांना सांगत आलो. होडीच्या या टोकाला जाऊन बघितलं, त्या टोकाला जाऊन बघितलं. भीती वाटली. या वेळी यंत्राचा काही संबंध नव्हता.

बायको वीस वर्षं घरी अशीच बसत होती. तिच्याकडे फोनही नव्हता.

सुधारणा दहावी : वर बसणाऱ्यासाठी एक हिरवा दिवा.